शाळेतल्या समुपदेशकाचं वेळापत्रक: "तुम्ही तर मोकळ्याच असता ना?"

वहीतलं_पान | २ ऑगस्ट २०२५, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज डोकं भणभणलंय म्हणून धागा काढते आहे.

पुणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत समुपदेशक म्हणून माझं हे दुसरं वर्ष. पाचवी ते दहावी, प्रत्येकी चार तुकड्या, वर्गात साठ-साठ मुलं. म्हणजे १,४४० मुलं आणि मी एकटी. आमच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, माझं पद नाही, पगार संस्था स्वतःच्या पैशातून देते. त्यामुळे "बाई, एवढं जरा बघता का" याला नाही म्हणताना जीभ अडखळते.

सकाळची शाळा. रोज ३५ मिनिटांचे आठ तास, शनिवारी पाच. आठवड्याचे ४५. गेले दोन आठवडे मी दर घंटेला वहीत एक ओळ लिहीत होते, हा तास कुठे गेला म्हणून. कालच्या आठवड्याचा हिशोब असा:

पाचवी ते आठवीच्या सोळा तुकड्यांना जीवनकौशल्याचा एकेक तास, झाले १६. रजेवरच्या शिक्षकांचे ऑफ तास ११. पोर्टलवर माहिती भरणं, आधारवरची नावं जुळवणं, अपार आयडीची (विद्यार्थ्यांच्या नव्या ओळख क्रमांकाची) संमतिपत्रं गोळा करणं, ६. पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन, फलकलेखन आणि समूहगीताच्या रांगा सरळ करणं, ४. उरले ८.

आठ तास म्हणजे ४ तास ४० मिनिटं. त्यातच मुलांशी बोलायचं, पालकांशी बोलायचं, नोंदी लिहायच्या, शिक्षकांना "काय झालं त्या मुलाचं?" याची उत्तरं द्यायची.

गुरुवारी आठवीतली एक मुलगी माझ्या दाराशी येऊन गेली. मी सहावी ब वर ऑफ तासाला होते. शिपाईकाका म्हणाले, "बाई, ती पोरगी तिसऱ्यांदा आली होती." शुक्रवारी ती शाळेत आलीच नाही. आज आली, बोललो, फार काळजीचं नव्हतं. पण गुरुवार रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

तर प्रश्न: तुम्ही वेळापत्रक कसं लावता? आणि सुपरवायझर सर सकाळी सव्वासातला ऑफ तासांची चिठ्ठी घेऊन आले की काय सांगता?

---

जास्वंद | २ ऑगस्ट, रात्री १०.३०

रुमाल टाकून ठेवते. माझी बहीण याच कामात आहे, तिला लिंक पाठवली.

---

घंटा_वाजली | २ ऑगस्ट, रात्री ११.०५

राग मानू नका, पण दुसरी बाजूही ऐका. मी गणित-विज्ञान शिकवतो. आठवड्याला ३२ तास, त्यावर वह्या, घटक चाचणीचे पेपर, नववीच्या जादा तासिका. स्टाफरूममधून बाहेर पाहिलं की समुपदेशक मॅडमच्या खोलीत एक मूल, समोर मॅडम, टेबलावर खडूचं खोकं आणि रंग. आमच्या मनात काय येणार? माणूस मोकळाच दिसतो हो. शिवाय ऑफ तास तुम्ही घेतला नाही तर तो माझ्या डोक्यावर येतो. हवेत विरत नाही.

---

वहीतलं_पान | २ ऑगस्ट, रात्री ११.२०

राग नाही, खरंच. हेच ऐकायचं होतं. माझी 'खोली' म्हणजे भूगोलाचे नकाशे ठेवायची अर्धी खोली आहे, पंखा नाही, आणि मागे गुंडाळलेला आफ्रिका माझ्या डोक्यावर पडायच्या बेतात असतो. पण लांबून पाहणाऱ्याला गप्पाच दिसतात हे बरोबर आहे.

---

खाडीकाठची_ताई | ३ ऑगस्ट, सकाळी ९.४०

ठाण्यातल्या शाळांमधून हे काम करायला लागून मला सतरा वर्षं झाली. आधी शाबासकी देते, कारण तू तासांची वही ठेवलीस. बहुतेक जणी तिसऱ्या वर्षी रडून झाल्यावर ठेवतात.

आता मी काय करते ते सांगते. हे काही शास्त्र नव्हे, ठेचा खाऊन जमवलेलं आहे.

पहिलं, माझ्या कागदावर मोकळा चौकोन नसतो. मुलाला वेळ देऊन बोलवायचे तास वेगळे, त्यांना मी बंद दार म्हणते. मुलाने आपणहून यायचे तास वेगळे, ते उघडं दार. उघडं दार मधल्या सुट्टीला चिकटूनच ठेवायचं, सुट्टीच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा पूर्ण तास. एरवी चालू तासात हात वर करून "बाईंकडे जाऊ का?" विचारणारं मूल क्वचितच. सुट्टीत ते डबा खाता खाता सहज आल्यासारखं येतं. मैत्रिणीला सोबत घेऊन येतं, आणि मैत्रिणीचाच प्रॉब्लेम आहे असं सांगतं.

दुसरं, मुलाला कोणत्या तासातून उठवायचं. नवीन होते तेव्हा मला वाटायचं, अभ्यासाचं नुकसान नको म्हणून पी.टी. किंवा चित्रकलेच्या तासाला बोलवावं. मोठी चूक. ज्या मुलाला वर्गात काहीच जमत नाही त्याला आठवड्यात तेवढे दोनच तास श्वास घेता येतो, आणि आपण नेमके तेच हिरावून घेतो. आता मी तास फिरवते. या आठवड्यात मराठी, पुढच्या आठवड्यात इतिहास, मग हिंदी. एकाच शिक्षकाचा तास सलग दोनदा नाही. गणित सहसा नाहीच, कारण गणितात एक दिवस चुकला की पुढचे चार दिवस कळत नाही, आणि मग ते मूल त्याच कारणाने परत माझ्याकडे येतं.

तिसरं, बोलावणं कसं धाडायचं. शिपायाने दारात उभं राहून "अमुक अमुकला समुपदेशन बाईंनी बोलावलंय" म्हटलं की साठ डोकी वळतात. आमच्याकडे ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या असतात तशाच रंगाच्या चिठ्ठ्या मी छापून घेतल्या. वर्गशिक्षिका इतर चिठ्ठ्यांबरोबर वाटतात. वर फक्त तास आणि खोली क्रमांक.

चौथं, दोन मुलांच्या मध्ये दहा मिनिटं नोंदीची. ती ठेवली नाहीत तर संध्याकाळी सगळी मुलं एकमेकांत मिसळतात. कोणाचे बाबा दुबईला होते आणि कोणाचे वारले होते, हे विसरण्याइतकी वाईट गोष्ट या कामात नाही. हे माझं एकदा झालेलं आहे.

जीवनकौशल्याचे १६ तास मात्र जास्त आहेत. पंधरवड्याला एक कर, आठवड्याचे आठ होतील.

---

चहाटळ | ३ ऑगस्ट, सकाळी १०.१५

ऑफ तासाला एक उत्तम उपाय: समुपदेशक बाईंनी सुपरवायझर सरांचंच समुपदेशन करावं.

(पळतो.)

---

संत्रानगरी | ३ ऑगस्ट, दुपारी १.००

मी नागपुरात, सीबीएसई शाळेत. आमच्या बोर्डाच्या संलग्नतेच्या नियमांत समुपदेशकाची नेमणूक लिहिलेली आहे, त्यामुळे पद कागदावर पक्कं. पण काम कागदावर पक्कं नाही. मी परीक्षा विभागात पण आहे, सोशल मीडियाची पोस्टरं पण करते, आणि बसमध्ये मारामारी झाली की दोघांना माझ्याकडे 'शिक्षा म्हणून' पाठवतात. या शेवटच्या गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. माझी खोली म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीची प्रतीक्षा यादी असं मुलांना वाटायला लागलं, की मग आपणहून कोणी येत नाही.

ऑफ तासाबद्दल माझं मत ठाम आहे: समुपदेशकाने घेऊ नये. कारण थकवा हे नाही. नऊ वाजता मी मागच्या बाकावरच्या पोरावर "गप्प बस, उभा राहा" म्हणून ओरडणार, आणि दहा वाजता त्याने माझ्यासमोर बसून घरात बाबा दारू पिऊन काय करतात ते सांगायचं? एका माणसाने दोन टोप्या घातल्या की मूल वरचीच टोपी बघतं.

धागाकर्तीला एक माहिती: २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यात आहे. तुमच्या संस्थेला हे दाखवा. पद उपकार म्हणून दिलेलं नाही, एवढं तरी कळेल.

---

खाडीकाठची_ताई | ३ ऑगस्ट, दुपारी १.३५

@संत्रानगरी, निकालाबद्दल +१. ऑफ तासाबद्दल मात्र माझं थोडं वेगळं आहे. मी आठवड्याला एक-दोन ऑफ तास मुद्दाम मागून घेते. ज्या वर्गातलं एखादं मूल डोक्यात असतं, त्याच वर्गाचा. काही शिकवत नाही, चित्र काढा म्हणते आणि बघत बसते. कोण कोणाशेजारी बसतं, डबा कोण एकटं खातं, कोणाची वही कोणाच्या दप्तरातून निघते. तासभर समोर बसवून विचारलं तरी हे कळत नाही. पण तो तास मी निवडलेला असतो, चिठ्ठीवर आलेला नसतो. आणि ओरडायचं नाही. वर्ग फारच उधळला तर मी सरळ शेजारच्या सरांना हाक मारते. लाज वाटते, पण मारते.

---

संत्रानगरी | ३ ऑगस्ट, दुपारी १.५०

निवडलेला असेल तर मान्य. पण "एक-दोन घेते" म्हटलं की वरचे लोक "घेते" एवढंच ऐकतात, हा माझा अनुभव.

---

हेडबाई_निवृत्त | ३ ऑगस्ट, रात्री ९.२०

इतका वेळ नुसती वाचत होते. नाशिकजवळ अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. आता खुर्चीच्या पलीकडून सांगते.

सकाळी सात दहाला फोन वाजायला लागतात. एक बाई आजारी, एका सरांच्या घरी दशक्रिया, दोघं बी.एल.ओ.च्या, म्हणजे मतदारयाद्यांच्या, कामावर, एक प्रशिक्षणाला. सव्वासात वाजता माझ्याकडे पाच वर्ग, म्हणजे तीनशे मुलं, शिक्षकाविना. त्यांतला एक वर्ग जिन्याशेजारचा. मूल पडलं तर उत्तर मी द्यायचं. सुपरवायझर भिंतीवरच्या मुख्य वेळापत्रकाकडे बघतो आणि कोणाच्या नावापुढे चौकोन कोरा आहे ते शोधतो. तो काही तुमचा शत्रू नाही. कोरा चौकोन दिसला की त्याने भरायचा, हेच त्याचं काम आहे.

आता पोरी, तुझ्या नावाची ओळ त्या भिंतीवरच्या तक्त्यावर आहे का? माझ्या शाळेत समुपदेशक बाईंची नव्हतीच. त्या तक्त्यात नाहीत म्हणजे ४५ च्या ४५ चौकोन कोरे! त्यांनी हे मला सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. दोन वर्षांनी त्या सोडून गेल्या, आणि कारण मला त्या गेल्यावर ग्रंथपालांकडून कळलं.

म्हणून माझं सांगणं असं. तक्रार घेऊन हेडकडे जाऊ नकोस. तक्ता घेऊन जा. प्रत्येक चौकोनात काहीतरी लिहिलेलं हवं. 'राखीव: वैयक्तिक भेट', 'राखीव: उघडं दार', 'पालक', 'नोंदी', 'आठवी अ जीवनकौशल्य'. तो तक्ता मुख्य वेळापत्रकाच्या खाली टाचणीने लाव, हेडची सही घेऊन. सुपरवायझर सही ओलांडत नाही.

आणि काहीतरी द्यायची तयारी ठेव. "एकही ऑफ तास घेणार नाही" म्हणणारा माणूस स्टाफरूममध्ये वर्षभर एकटा चहा पितो. तूच ठरव, आठवड्याला तीन घेईन, शक्यतो पहिला तास. पहिल्या तासाला मुलं तशीही तुझ्याकडे येत नाहीत, अर्धी झोपेत असतात. चौथा तास कोणी मागितला तर म्हण, "घेते सर, पण त्या वेळी ज्याला बोलावलंय त्याला काय सांगू ते तुम्ही ठरवा." नाव सांगू नकोस. 'ज्याला' एवढंच.

@घंटा_वाजली, ३२ तास मी पण घेतलेत. तुमचं म्हणणं खोटं नाही.

---

घंटा_वाजली | ३ ऑगस्ट, रात्री ९.४५

बाई, दंडवत. तक्ता लावा, आम्हालाही कळेल कोणता चौकोन कशाचा ते. आत्ता काहीच कळत नाही म्हणून मनात येतं.

---

दोन_पोरांचा_बाप | ४ ऑगस्ट, सकाळी ८.१०

पालक म्हणून दोन गोष्टी.

एक, आम्हाला मंगळवारी साडेदहाला बोलावतात. मी भोसरीत कारखान्यात आहे, अर्धा दिवस कापला जातो. मग आई एकटी येते, आणि घरी गेल्यावर "बाईंनी काय सांगितलं" यावरून आमचंच भांडण. शाळा भरायच्या आधी सकाळी सात वाजता पंधरा मिनिटं दिली तर रात्रपाळी करून मी थेट येतो. खरंच येतो.

दोन, मोठ्या मुलाला वाचन-लेखनाची अडचण होती हे आम्हाला दहावीच्या जानेवारीत कळलं. तेव्हा शाळेचं पत्र, जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं घेऊन सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या. एक तारीख बुद्ध्यंकाच्या चाचणीची, एक लेखन-वाचनाच्या चाचणीची, एक डॉक्टरांची. लेखनिक आणि जादा वेळ मिळायला हवा होता, प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा परीक्षा उरकली होती. कोणाला दोष देत नाही. पण हे काम समुपदेशकाच्या वर्षाच्या सुरुवातीच्या यादीत हवं, शेवटच्या नव्हे.

---

खाडीकाठची_ताई | ४ ऑगस्ट, सकाळी ११.२५

@दोन_पोरांचा_बाप, तुमचं दुसरं म्हणणं मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या कपाटावर लावायला हवं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी होते, आमच्याकडची कितीतरी मुलं तिथे जाऊन आलीत. रांग मोठी, आणि रांगेला आपली बोर्डाची तारीख माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे सवलत हा हक्क आहे. पण कागद वेळेत नसेल तर हक्क कपाटातच राहतो.

म्हणून आठवड्याच्या वेळापत्रकाआधी वर्षाचा कागद काढावा. माझा साधारण असा असतो. जून-जुलैमध्ये पाचवीची नवी मुलं, आणि आठवी-नववीची वह्यांची चाळणी: शिक्षकांना फक्त एवढंच विचारायचं, की तोंडी उत्तर बरोबर आणि लिहिताना गोंधळ अशी मुलं कोण? ती यादी जुलैअखेर पालकांपर्यंत. दिवाळीआधी सत्र परीक्षा, तेव्हा पोटदुखीवाली मुलं वाढतात. डिसेंबर म्हणजे स्नेहसंमेलन आणि सहल, त्या महिन्यात मी काहीही नवीन सुरू करत नाही, फक्त नाटकात न घेतलेल्या मुलांकडे लक्ष ठेवते. जानेवारी ते मार्च दहावी. आणि एप्रिल. एप्रिल सगळे विसरतात. नववीत राहिलेलं मूल एप्रिलअखेर निकाल घेऊन घरी जातं आणि आपण सुट्टीवर जातो.

या वर्षी त्यात अकरावीची भर. ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर झाले, आणि मे ते जुलै मी निम्मा वेळ महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरून देत बसले. तेही मार्गदर्शनच म्हणा. पण अर्ज भरणं हे लिपिकाचं काम आणि "विज्ञानच का हवंय तुला?" हे विचारणं माझं. दोन्ही एकाच टेबलावर आली की पहिलं दुसऱ्याला गिळतं.

---

पॅसिफिक_मावशी | ४ ऑगस्ट, रात्री ११.५५

कॅलिफोर्नियातून. मूळची सांगलीची, इथल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये समुपदेशक आहे. इथल्या व्यावसायिक संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक समुपदेशक अशी आहे, आणि ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या थेट किंवा अप्रत्यक्ष कामात जावा असं ती सांगते. वाचून तुम्ही सुस्कारा टाकाल, पण इथेही शिफारस ती शिफारसच. माझ्याकडे चारशेच्या वर मुलं आहेत, परीक्षांचं समन्वय माझ्याच गळ्यात असतं, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी अंगणात शिट्टी घेऊन उभी मीच.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडते. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक आणि समुपदेशक बसून एका पानाचा करार करतात. या वर्षी कशाला किती वेळ, कोणती कामं माझी, कोणती नाहीत. दोघांच्या सह्या. हेडबाईंनी सांगितलं तेच, फक्त इथे त्याचा छापील नमुना मिळतो. संघटनेने समुपदेशकाला न शोभणाऱ्या कामांची यादीच केली आहे आणि गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळणं त्यात आहे. यादी भिंतीवर लावलीत तर भांडण होईल. पाठ करून ठेवा, बोलताना धीर येतो.

---

माणदेशी_मास्तर | ५ ऑगस्ट, सकाळी ६.३०

जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत, आम्ही तिघं शिक्षक. समुपदेशक आम्ही फोटोत पाहिलाय. त्यामुळे तुमच्या भांडणाचा पण हेवाच वाटतो. ऊसतोडीला आई-बाप गेले की पोरं आजीकडे राहतात, तेव्हा दोन महिने रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं पायरीवर बसतो. तेच आमचं वेळापत्रक. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, पुसायचा नाही असं मुलांना सांगितलंय. वरच्या ताईंची वह्यांची चाळणी उचलतो.

---

वहीतलं_पान | ५ ऑगस्ट, रात्री १०.००

काय लिहू! हेडबाई, भिंतीवरच्या तक्त्यात माझी ओळ खरंच नाही. आज जाऊन पाहिलं. संगीताच्या बाईंची आहे, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या योगशिक्षकांची आहे.

एक शंका. सगळे चौकोन भरल्यावर अचानक काही उद्भवलं तर? आणि आमच्याकडे एक पत्रपेटीही आहे, ती मी जमेल तेव्हा उघडते.

---

खाडीकाठची_ताई | ६ ऑगस्ट, सकाळी १०.०५

पेटी 'जमेल तेव्हा' नको. एकतर रोज उघड, नाहीतर काढून टाक. शनिवारी निघताना शेवटचं काम पेटी. रविवारभर आत एखादी चिठ्ठी पडून राहिली आणि ती तसली असली, तर? पेटी लावली म्हणजे "मी वाचणार" असं आपण मुलांना सांगितलं.

अचानक उद्भवलेल्याबद्दल: रोज एक तास कुणालाच न दिलेला ठेवते. माझ्याकडे तो पाचवा. तो बहुतेक वेळा भरतोच, नाही भरला तर नोंदी. तक्त्यावर मात्र 'तातडीचं' असं लिहिते.

पण काही गोष्टी वेळापत्रकात बसवायच्याच नसतात. मुलाने जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडायचं नाही, पालक येईपर्यंत उठायचं नाही, मग बाहेर शिक्षणाधिकारी उभे असले तरी. आणि लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे आपलं झालं, असं नाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलाकडून तेच तेच पुन्हा वदवून घ्यायचं नाही, त्याने जे शब्द वापरले तेच लिहायचे, त्याच दिवशी. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर माहीत हवा.

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकारानंतर सगळ्या शाळांनी सखी सावित्री समितीचे (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) फलक घाईने रंगवले. तुमच्या समितीची बैठक कधी असते ते विचार, आणि ती तारीख तुझ्या वर्षाच्या कागदात घाल. आमच्याकडे पहिल्या बैठकीत पाऊण तास फलकाच्या रंगावर गेला, पण दुसऱ्या बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बसली.

---

जास्वंद | ६ ऑगस्ट, दुपारी २.२०

बहिणीने विचारलंय: तीन शाळांना मिळून एक समुपदेशक असेल तर? तिला संस्था सोमवारी एकीकडे, बुधवारी दुसरीकडे पाठवते. गुरुवारी मुलाला रडू आलं तर ते सोमवारपर्यंत थांबतं का?

---

संत्रानगरी | ६ ऑगस्ट, दुपारी ३.००

नाही थांबत. मी आधी हेच केलंय. प्रत्येक शाळेत एक शिक्षक शोधायचा, ज्याच्याभोवती मुलं आपोआप जमतात. तो बहुधा पी.टी.चा असतो, नाहीतर ग्रंथपाल. त्याला दोन गोष्टी शिकवायच्या: ऐकताना उपदेश करायचा नाही, आणि कोणत्या गोष्टीला मला लगेच फोन करायचा. आणि तिन्ही शाळांत वार बदलायचा नाही, मरू दे ते समारंभ. मुलं वार लक्षात ठेवतात.

---

वहीतलं_पान | १३ सप्टेंबर, रात्री ९.३५

गणपती झाले, आता ताजी खबर.

तक्ता केला. वहीतले दोन आठवडे एका पानावर उतरवले आणि हेडबाईंकडे (आमच्या) गेले. तक्रारीचा एक शब्द काढला नाही, "यातलं कोणतं काम कमी केलेलं चालेल ते तुम्हीच सांगा" एवढंच म्हटलं. त्या बराच वेळ ११ या आकड्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं आठवड्याला तीन-चार असतील.

ठरलं ते असं. जीवनकौशल्य पंधरवड्याला एक, म्हणजे आठवड्याला ८. त्यासाठी सहावी आणि सातवीच्या वर्गशिक्षकांना मला तासांची टिपणं करून द्यावी लागतील, ती चालू आहेत. ऑफ तास जास्तीत जास्त ४. मी ३ म्हटलं होतं, त्या ५ म्हणाल्या. पोर्टलचं काम लिपिकांकडे, पण त्यांनी अडवलं तर शनिवारी एक तास बसायचं. शुक्रवारी सकाळी सात ते सव्वासात पालक. पहिल्याच शुक्रवारी तीन बाबा आले, त्यातले दोघं रात्रपाळीवरून. भोसरीवाले दादा, तुमचा सल्ला.

गंमत सांगते. 'राखीव: उघडं दार' असं लिहिलेल्या तासांना पहिले दोन आठवडे कुणीही फिरकलं नाही. मी दार उघडं ठेवून आफ्रिकेखाली बसलेली. सुपरवायझर सर दोनदा डोकावून गेले, नुसते हसले, बोलले काही नाहीत. तेव्हा वाटलं, गेला आपला तक्ता. तिसऱ्या आठवड्यात सातवीतला एक मुलगा आला, म्हणाला, "बाई, इथे नकाशा बघायला बसू का?" बसला. दुसऱ्या दिवशी परत आला. चौथ्या दिवशी नकाशा न बघता बोलायला लागला. पुढचं इथे लिहिणार नाही.

ती आठवीतली मुलगी दर बुधवारी येते. सध्या मैत्रिणीचा प्रॉब्लेम सांगते आहे.

मंगळवारचा चौथा तास तेवढा सुटत नाहीये. आठवी ब चे गणिताचे सर बी.एल.ओ.च्या कामावर आहेत, ते येईपर्यंत तो माझ्याच गळ्यात. वहीत प्रत्येक वेळी लाल शाईने नोंदवते आहे.

---

हेडबाई_निवृत्त | १३ सप्टेंबर, रात्री ९.५०

लाल नको. ती शाई हेडची असते, त्यांना वाटेल तू शेरा मारलास. हिरवी वापर.

---

घंटा_वाजली | १३ सप्टेंबर, रात्री १०.०२

आणि आठवी ब ला त्या तासात गणिताची पाढ्यांची शर्यत लावा. सर परत आले की दुवा देतील.